'माफी' कुणाची, किंमत कुणाची?

परराष्ट्र धोरण हा विषय दिल्लीचा, इंग्रजीचा आणि निवृत्त राजदूतांचा, अशी आपल्या मराठी विभागांची एक जुनी समजूत आहे. 'जागतिकीकरण आणि मराठी कादंबरी' या विषयावर आपण चर्चासत्रे भरवतो, शोधनिबंध छापतो. परंतु त्या निबंधांतले जागतिकीकरण बहुधा मॉल, मोबाइल आणि महानगरातला एकाकी नायक एवढ्यावरच थांबते. कापसाच्या पट्ट्यात, जालन्यासारख्या जिल्ह्यात शिकवणाऱ्यांनी ही समजूत बाळगणे हा निव्वळ बौद्धिक आळस आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

२०२५ सालचा ऑगस्ट महिना आठवून पाहावा. अमेरिकेने ७ ऑगस्टपासून भारतीय मालावर २५ टक्के जादा शुल्क लागू केले आणि रशियाकडून तेल घेतो म्हणून २७ ऑगस्टपासून त्यात आणखी २५ टक्क्यांची भर घातली. त्याच ७ तारखेला दिल्लीत, डॉ. एम. एस. स्वामिनाथन यांच्या जन्मशताब्दीनिमित्त भरलेल्या परिषदेत, शेतकऱ्यांच्या हिताशी तडजोड होणार नाही आणि त्यासाठी व्यक्तिशः मोठी किंमत मोजण्याची आपली तयारी आहे, असे पंतप्रधानांनी जाहीर केले. त्यानंतर अकराव्या दिवशी, १८ ऑगस्टला, केंद्र सरकारने अधिसूचना काढून कापसावरचे ११ टक्के आयातशुल्क ३० सप्टेंबरपर्यंत उठवले. पुढे २८ ऑगस्टला, म्हणजे अमेरिकेचे ५० टक्के लागू झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी, ही सूट ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली.

३१ डिसेंबर या तारखेचा अर्थ अंबड, घनसावंगी, भोकरदनच्या शेतकऱ्याला समजावून सांगावा लागत नाही. दसरा-दिवाळीच्या सुमारास वेचणी सुरू होते आणि ज्याच्यावर कृषी सेवा केंद्राची उधारी आहे, ज्याच्या घरात कापूस साठवायला जागा नाही, तो शेतकरी नवे वर्ष उजाडण्यापूर्वीच विकून मोकळा होतो. म्हणजे शुल्क उठवण्याचा काळ आणि लहान शेतकऱ्याच्या विक्रीचा काळ एकच. लांब धाग्याच्या कापसाला २०२५-२६ साठी क्विंटलला ८,११० रुपये हमीभाव जाहीर झाला होता, हे खरे. पण भारतीय कापूस महामंडळ १२ टक्क्यांहून अधिक ओलावा असलेला कापूस घेत नाही, आणि त्या सप्टेंबरातल्या अतिवृष्टीने मराठवाड्यातली पिके पाण्यात उभी होती. भिजलेला कापूस मग व्यापाऱ्याच्याच काट्यावर जातो, आणि तिथला भाव हमीने नव्हे, जगाच्या बाजाराने ठरतो.

इथपर्यंतचे विवेचन अर्थशास्त्राचे झाले. आमचा मुद्दा भाषेचा आहे. 'कापसावरील आयातशुल्क माफ करण्यात आले', 'वस्त्रोद्योगाला दिलासा' अशा धाटणीची वाक्ये आपण सर्वांनी वाचली आणि ती आपल्याला खटकली नाहीत. पहिल्या वाक्यात कर्ता नाही. कुणी माफ केले, कुणाला केले, कुणाच्या जिवावर केले, यातले काहीच ते वाक्य सांगत नाही. एरवी एखाद्या कवितेत कर्ता का लपवला आहे यावर आपण तासभर बोलतो. राजपत्रात तो लपला की आपली चिकित्सा कुठे जाते?

'माफी' हा शब्दही तपासून पाहावा. 'कर्जमाफी' म्हटले की शेतकऱ्याच्या चारित्र्याची चर्चा सुरू होते: त्याला सवय लागेल, तो लग्नात उधळतो, प्रामाणिकपणे कर्ज फेडणाऱ्यावर अन्याय होतो. 'शुल्कमाफी' म्हटले की मात्र कुणाच्याच चारित्र्याचा प्रश्न निघत नाही. एकच शब्द एका ठिकाणी भीक होतो आणि दुसऱ्या ठिकाणी धोरण. ही शब्दार्थातली वर्गव्यवस्था आहे, आणि ती उघडी करून दाखवणे हे अर्थतज्ज्ञाचे नव्हे, भाषेच्या अध्यापकाचे काम आहे.

यावर एक आक्षेप येईल आणि तो हसण्यावारी नेण्याजोगा नाही. अमेरिकी शुल्काने वस्त्रोद्योगाचे कंबरडे मोडत होते. तिरुपूरच्या शिलाई कामगाराला किंवा इचलकरंजीच्या यंत्रमागावरच्या माणसालाही पोट आहे. मग कच्चा माल स्वस्त केला तर बिघडले काय? उत्तर सरळ आहे. हे भांडण दोन सरकारांचे होते. त्यात जो भरडला जाईल त्याला देशाच्या तिजोरीतून हात द्यावा, कारण तिजोरी सर्वांची आहे. एका दुबळ्याचा तोटा दुसऱ्या, अधिक दुबळ्या माणसाच्या गंजीवर टाकणे आणि त्याला राष्ट्रहित म्हणणे, हा न्याय नव्हे.

शिवाय हे एकदाच घडलेले नाही. मार्च २०१२ मध्ये भाव चढण्याची शक्यता दिसताच कापसाच्या निर्यातीवर बंदी आली आणि ओरड झाल्यावर काही दिवसांत ती मागे घ्यावी लागली. २०२२ मध्ये देशात भाव चढले तेव्हाही आयातशुल्क उठवले गेले होते. तेजी आली की दार बाहेरून बंद आणि मंदी आली की आतून उघडे, हे आपल्या कापूस-धोरणाचे सूत्र राहिले आहे. सत्तेवरचे पक्ष बदलले. सूत्र बदलले नाही.

परराष्ट्र धोरण शेतकऱ्याच्या बाजूनेही चालवता येते, हे ब्राझीलने दाखवले. अमेरिका आपल्या कापूस उत्पादकांना देत असलेल्या अनुदानांविरुद्ध त्या देशाने २००२ साली जागतिक व्यापार संघटनेत तक्रार नोंदवली, ती तडीस नेली आणि २०१४ मध्ये ३० कोटी डॉलर घेऊन वाद मिटवला. त्या खटल्यात भारत त्रयस्थ पक्ष म्हणून हजर होता. लढणाऱ्याच्या शेजारची खुर्ची आपण पत्करली, लढणाऱ्याची नाही.

महात्मा फुल्यांनी १८८३ मध्ये 'शेतकऱ्याचा असूड' सिद्ध केला, तेव्हा कुणब्याच्या दारिद्र्याचा धागा त्यांनी थेट सरकारी धोरणापर्यंत आणि विलायती मालापर्यंत नेऊन भिडवला होता. तो ग्रंथ आपण अभ्यासक्रमात लावतो, त्यावर प्रश्न काढतो, उत्तरपत्रिका तपासतो. त्याची पद्धत मात्र उचलत नाही. सदानंद देशमुखांच्या 'बारोमास'ला २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, त्यातल्या शेतकरी कुटुंबाच्या परवडीवर आपण हळहळलो. ती परवड कोणत्या कागदांनी घडवली, हे वाचायचे मात्र दुसऱ्या कुणीतरी, असे आपण ठरवून टाकले आहे.

आमची सूचना साधी आहे. एम.ए.च्या वर्गात 'बारोमास' शिकवताना १८ ऑगस्ट २०२५ ची ती अधिसूचना शेजारी ठेवावी आणि दोन्ही संहिता सारख्याच बारकाईने वाचाव्यात. बाकावर बसलेल्या मुलामुलींपैकी अनेकांच्या घरचा कापूस त्याच हंगामात विकला गेला आहे. कर्ता कोण, कर्म कोण आणि किंमत कुणी मोजली, हे त्यांना सांगता येईल. विचारण्याचे धैर्य आपल्याला दाखवावे लागेल.