‘विश्वास कमी पडला’ म्हणण्याआधी

आमच्या मंडळीत कुणी आजारी माणूस गेला की मातीहून परतताना एखादं वाक्य हमखास कानावर पडतं : ‘‘प्रार्थना पुष्कळ झाली हो, पण घरच्यांचा विश्वास कमी पडला.’’ बोलणाऱ्याच्या मनात वाईट नसतं. पण जिचा नवरा आताच मातीआड झाला, तिच्या पदरात दुःखाबरोबर दोषही पडतो. हे बोलणं बंद झालं पाहिजे, असं माझं स्वच्छ मत आहे. दर रविवारी चर्चच्या बाकावर बसणारी बाई म्हणूनच मी ते मांडते आहे.

पवित्र शास्त्र काय सांगतं ते आधी बघू. गेथशेमाने बागेत खुद्द येशूने दुःखाचा प्याला टळावा म्हणून बापाची विनवणी केली. प्याला टळला नाही. दुसऱ्या दिवशी क्रूस उभा राहिला. पौलाने आपल्या शरीरातला काटा निघावा म्हणून तीनदा विनंती केली. काटा तसाच राहिला; मिळाली ती सोसायला पुरेल एवढी कृपा. मग या दोघांचाही विश्वास कमी पडला म्हणायचं का? मागणाऱ्याला मिळेल, हे वचन त्याच ग्रंथात आहे, मला मान्य आहे. पण ते तेवढं चौकटीत घालून भिंतीवर टांगायचं आणि गेथशेमानेचं पान मिटून ठेवायचं, हा सोयीचा व्यवहार झाला. येशूने त्या रात्री मागणं लपवलं नाही आणि शेवट बापाच्या इच्छेवर सोडला. मागायची मुभा आपल्याला आहे, हमी मागायची नाही.

या विचारावर मी आले ती नोकरीमुळे. वर्धा जिल्ह्यात मी कुष्ठरोग तंत्रज्ञ होते. या जिल्ह्यात कुष्ठरोग्यांची गोष्ट ठाऊक नसलेला माणूस विरळा. कुष्ठरोग झालेले संस्कृतचे पंडित परचुरे शास्त्री 1939 मध्ये सेवाग्रामला आले, तेव्हा त्यांना घरात घ्यायला लोक तयार नव्हते. गांधीजींनी त्यांना आश्रमात जागा दिली आणि स्वतःच्या हातांनी त्यांची मालिश केली. शास्त्रीबुवांची कुटी आजही तिथे आहे. येशूने कुष्ठरोग्याला हात लावला आणि तो शुद्ध झाला, असं मत्तय लिहितो. सेवाग्रामात हात लागला, रोग मात्र गेला नाही. पुढे शास्त्रीबुवांनी देह ठेवला तो दत्तपूरला, मनोहर दिवाण यांनी 1936 मध्ये सुरू केलेल्या कुष्ठधामात.

1951 मध्ये गांधी मेमोरियल लेप्रसी फाउंडेशन स्थापन झालं, त्याचं मुख्य कार्यालय वर्ध्यातच. घरोघर जाऊन रुग्ण शोधायचे, लोकांना समजावायचं आणि जागेवर औषध द्यायचं, ही पद्धत त्यांनी रुजवली. जागतिक आरोग्य संघटनेने 1981 मध्ये बहुऔषधी उपचारांची शिफारस केली आणि ते आधी सुरू झालेल्या जिल्ह्यांत आपलं वर्धा होतं.

माझं काम साधं असायचं. माणसाला डोळे मिटायला लावून चट्ट्यावर पेनचं टोक टेकवायचं आणि ‘लागलं तिथं बोट ठेवा’ म्हणायचं. बोट भलतीकडेच गेलं की पुढचं कळायचं. महिन्याचा पहिला डोस आमच्या डोळ्यांसमोर घ्यायचा, बाकीचं पाकीट घरी. रिफाम्पिसिनने लघवी लाल होते, हे आधी बजावून सांगावं लागे, नाहीतर माणूस घाबरून गोळ्याच टाकून देई. आर्वीकडच्या एका म्हातारीने पाकीट हातात घेतलं आणि म्हणाली, ‘‘नवस बोलली होती म्या. देवीनंच धाडलं तुले, बाई.’’ मी ख्रिस्ती. पण तिच्याशी वाद काय घालणार? पुढच्या महिन्याची तारीख सांगून निघाले.

शास्त्रीबुवांना ते औषध का मिळालं नाही आणि या म्हातारीला का मिळालं? याचा उलगडा मला होत नाही, आणि कुठला पाळकही तो छातीठोकपणे करू शकेल असं वाटत नाही. उलगडा होत नाही तिथे गप्प बसण्यातच देवाचा मान आहे. चमत्कार होतच नाहीत, असं मी म्हणत नाही. पण माझ्या पाहण्यातली बरीचशी उत्तरं दारावर येऊन, ‘दाखवा बरं तुमचा हात’ म्हणणाऱ्या माणसांच्या रूपाने आली.

याकोबाच्या पत्रात आजाऱ्यासाठी दोन गोष्टी एकत्र सांगितल्या आहेत : मंडळीतल्या वडीलधाऱ्यांनी प्रार्थना करावी आणि त्याला तेल लावावं. तेल हे त्या काळी औषधही होतं. उपाशी माणसाला नुसतं ‘सुखी राहा’ म्हणून वाटेला लावणाऱ्यांचा समाचारही त्याच पत्रात घेतलेला आहे.

तेव्हा पाळकसाहेबांना माझी एक मागणी आहे. प्रार्थनासभेत आजाऱ्यांची नावं वाचून झाली की लगेच विचारा : यांना दवाखान्यात कोण नेणार? यांच्या शेतातली कापसाची वेचणी खोळंबली आहे, हात लावायला कोण जाणार? प्रार्थना झाली म्हणून टीबीच्या, साखरेच्या, झटक्याच्या गोळ्या बंद करायच्या नाहीत, हेही व्यासपीठावरूनच सांगा. एवढं करूनही माणूस गेला, तर घरच्यांच्या विश्वासाचं मोजमाप कुणी काढू नये. त्यांच्या घरी चार दिवस जेवणाचा डबा पोहोचता करावा.