शुगर माझी, आकडे कंपनीचे!

मंडळी, एक साधा प्रश्न. तुमच्या फोनमध्ये गूगल पे आहे आणि कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याकडे फोनपेचा स्टिकर. पैसे जातात की नाही? जातात. कारण २०१६ साली यूपीआय आलं आणि सगळ्यांना एकच भाषा बोलावी लागली. "आमच्या ॲपचे पैसे फक्त आमच्याच ॲपमध्ये" असं आज कुणी म्हणालं तर आपण त्याला वेड्यात काढू.

मग रक्तातल्या साखरेच्या बाबतीत हेच आपण मुकाट्याने का ऐकून घेतो?

विषय रुक्ष वाटेल, पण जरा थांबा. आयसीएमआरच्या इंडियाब अभ्यासाने २०२३ साली भारतातल्या मधुमेहींचा आकडा १० कोटींच्या वर असल्याचं सांगितलं. म्हणजे तुमच्या-माझ्या घरात कुणी ना कुणी असणारच. आणि हा आजार असा, की त्यातले रोजचे निर्णय पेशंटलाच घ्यावे लागतात. किती खायचं, इन्सुलिनची किती युनिट्स घ्यायची, झोपायच्या आधी दोन बिस्किटं खायची का. हे सगळं ठरतं आकड्यांवर. साध्या ग्लुकोमीटरचे दिवसाला दोन-चार आकडे. दंडावर चिकटवायचा सेन्सर असेल आणि तो दर पाच मिनिटांनी मोजत असेल, तर दिवसाला २८८!

आता गंमत बघा. मीटर एका कंपनीचं, सेन्सर दुसरीचा, इन्सुलिन पंप तिसरीचा. प्रत्येकाचं ॲप वेगळं, लॉगिन वेगळं, क्लाउड वेगळा. आमच्या बाबांचं जुनं मीटर बंद पडलं म्हणून दुसऱ्या कंपनीचं घेतलं. जुन्या ॲपमधून बाहेर काय काढता आलं? एक पीडीएफ. छान रंगीत ग्राफवाली! दोन वर्षांचे आकडे, आणि नव्या ॲपला त्यातलं ढिम्म काही कळत नाही. आई मात्र पहिल्यापासून कालनिर्णयच्या चौकोनात पेनाने आकडे लिहिते. घरातली सगळ्यात इंटरऑपरेबल सिस्टीम तीच. कुठलाही डॉक्टर वाचू शकतो.

तुम्ही म्हणाल, टेक्निकली अवघड असेल. काय अवघड आहे हो? एक आकडा, त्याचं एकक, मोजल्याची वेळ (टाइमझोनसकट), बोटातलं रक्त होतं की सेन्सर, जेवणाआधी की नंतर. झालं. पण हे सगळ्यांनी एकाच पद्धतीने लिहिणं गरजेचं आहे, कारण चूक महागात पडते. आपल्याकडे साखर मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये मोजतात, इंग्लंडमध्ये मिलिमोल प्रति लिटरमध्ये. आपले १८० म्हणजे त्यांचे १०. फाइलमध्ये एकक लिहिलंच नाही आणि आपल्याकडच्या ॲपने तो १० जसाच्या तसा घेतला, तर पेशंट मरणाच्या दारात आहे असं दिसेल. किंवा मीटरची बॅटरी बदलली, घड्याळ मागे गेलं, की पहाटेची लो शुगर दुपारी दिसणार. आणि त्यावरून डोस ठरणार!

बरं, स्टँडर्ड्स नाहीत असंही नाही. ब्लूटूथवाल्यांनी ग्लुकोज प्रोफाइल २०१२ सालीच आणलं. एकक, वेळ, अनुक्रमांक, जेवणाचा संदर्भ, सगळं त्यात आहे. आयईईईच्या ११०७३ मालिकेत ग्लुकोमीटर, सेन्सर आणि इन्सुलिन पंप यांच्यासाठी वेगवेगळे भाग आहेत. हॉस्पिटलच्या सिस्टीम्ससाठी एफएचआयआर आहे. आणि हे जमतं याचा पुरावा हवा असेल तर रेडिऑलॉजीकडे बघा. एक्स-रे आणि स्कॅनच्या फाइल्सचं पहिलं स्टँडर्ड १९८५ साली आलं, १९९३ साली त्याचं डायकॉम झालं. आज एका कंपनीच्या मशीनवर काढलेला एमआरआय दुसऱ्या कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडतो. एवढा अगडबंब एमआरआय जमतो, आणि तीन आकडी साखर जमत नाही?

जमत नाही असं नाही, जमवायचं नाहीये. मीटर स्वस्तात द्यायचं आणि स्ट्रिप्सवर कमवायचं, हा धंदा जुना आहे. एका कंपनीची स्ट्रिप दुसरीच्या मीटरमध्ये बसत नाही. आता तेच आकड्यांचं. तुमचा पाच वर्षांचा इतिहास आमच्याकडे आहे, जाल कुठे?

कंपन्यांचं ठरलेलं उत्तर म्हणजे 'पेशंटची सुरक्षितता'. हे उत्तर पूर्ण खोटं नाही. २०१९ साली अमेरिकेच्या एफडीएने मेडट्रॉनिकच्या काही जुन्या पंपांबद्दल इशारा दिला होता, की जवळपासचा माणूस वायरलेसने त्यांच्या सेटिंग्ज बदलू शकेल. पण हा मुद्दा पंपाला हुकूम देण्याचा आहे. आकडे वाचण्याचा नाही. रीड आणि राइट परमिशनमधला फरक आपल्या धंद्यात फ्रेशरलाही पहिल्या आठवड्यात शिकवतात.

आणि पेशंट थांबले का? २०१३ साली अमेरिकेत जॉन कॉस्टिक नावाच्या प्रोग्रामरने आपल्या लहान मुलाच्या डेक्सकॉम सेन्सरचे आकडे स्वतः कोड लिहून रिसीव्हरमधून बाहेर काढले, मुलगा शाळेत असताना ऑफिसातून बघता यावेत म्हणून. त्यातूनच नाइटस्काउट हा ओपन सोर्स प्रकल्प उभा राहिला. त्याच वर्षी 'वी आर नॉट वेटिंग' ही घोषणा आली. कौतुक आहेच, पण मला त्याचा रागही येतो. पोराची शुगर बघायला बापाने रिव्हर्स इंजिनिअरिंग करायचं? ज्याला कोड लिहिता येत नाही त्याने काय करायचं?

एफडीएने २०१८ साली इतर उपकरणांशी जोडता येतील अशा सेन्सर्सचा वेगळा वर्ग केला, २०१९ साली तसाच पंपांचा. पाऊल चांगलं, पण कुणाशी जोडायचं हे शेवटी कंपन्याच आपसात ठरवतात. आपल्याकडे आयुष्मान भारत डिजिटल मिशन २०२१ पासून आहे, त्याने एफएचआयआरही स्वीकारलंय. पण मीटर विकणाऱ्याला त्याची सक्ती नाही. २०१९च्या डेटा संरक्षण विधेयकात आपला डेटा दुसरीकडे नेण्याचा हक्क होता. २०२३च्या कायद्यात तो गायब! युरोपात तो २०१८ पासून आहे.

म्हणून माझी मागणी सरळ आहे. भारतात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक ग्लुकोज उपकरणाने मालकाला त्याचे सगळे आकडे, एकक आणि वेळेसकट, खुल्या फॉरमॅटमध्ये, फुकट द्यावेत. नाहीतर विक्रीची परवानगी नाही. सरकारी हॉस्पिटलांनी टेंडरमध्ये हीच अट घालावी. यूपीआय काही बँकांना प्रेमाचा उमाळा आला म्हणून झालं नाही. वरून रेटा होता.

आणि रेटा आपणही देऊ शकतो. आई-बाबांसाठी मीटर घेताना स्ट्रिपची किंमत विचारताच, तसंच कस्टमर केअरला हेही विचारा, की "सगळे आकडे फाइलमध्ये मिळतात का? पीडीएफ नको." आणि तुमच्यापैकी जे पुण्या-बेंगळुरूत मेडिकल डिव्हाइसवाल्यांसाठी कोड लिहितात, त्यांनी पुढच्या डिझाइन रिव्ह्यूत फक्त एवढंच विचारावं, की एक्स्पोर्टचं बटण का नाही? मॅनेजर काय उत्तर देतो ते मला जरूर कळवा.

असो. बाबांची शुगर तपासायची वेळ झाली. आकडा कालनिर्णयवरच जाणार.