रोस्टर रविवारी रात्रीच का येतं? दुकानातली शिफ्ट, तुमची रजा आणि तुमचा फोन

ऑक्टोबर २०२५ मध्ये राज्य सरकारने स्पष्ट केलं की मद्यविक्रीसारखी ठिकाणं वगळता बाकीची दुकानं, हॉटेलं २४ तास उघडी ठेवता येतील. बातमी आली त्या दिवशी आमच्या ग्रुपवर चर्चा एकच होती: रात्री दोनला तांबडा-पांढरा मिळणार का? रात्री दोनला काउंटरमागे उभं कोण राहणार आणि त्याला ते किती दिवस आधी कळणार, हे कुणी विचारलं नाही.

मी सॉफ्टवेअर लिहितो. हजेरी, शिफ्ट आणि रजेची मॉड्यूल्स कशी बनतात हे मला आतून माहीत आहे. आणि माझी मामेबहीण कोल्हापुरातल्या एका कपड्यांच्या शोरूममध्ये काम करते. तिचं पुढच्या आठवड्याचं रोस्टर रविवारी रात्री अकराच्या सुमारास व्हॉट्सॲपवर येतं. वहीच्या पानाचा फोटो, तोही थोडा हललेला. सोमवारी सकाळची शिफ्ट आहे की दुपारची, हे तिला झोपायच्या आधी तासभर कळतं. ती मुक्त विद्यापीठातून पदवी करतेय. अभ्यासाचं वेळापत्रक बनवायचं तर कशाच्या आधारावर?

'धंदाच असा आहे, गर्दी सांगून येत नाही,' असं उत्तर हमखास मिळतं. ते कितपत खरं आहे, ते बघू.

रोस्टर बनवणं किती अवघड आहे?

समजा, दुकानात १२ जणांचा स्टाफ आहे. आठवड्याचे सात दिवस. रोज प्रत्येकासाठी तीन पर्याय: सकाळ, संध्याकाळ किंवा वीकऑफ. म्हणजे ८४ चौकोन आणि प्रत्येकात तीनपैकी एक गोष्ट. एकूण किती वेगवेगळी रोस्टरं बनतील? उत्तर ४१ अंकी आहे. मॅनेजर वही-पेन घेऊन बसला की वैतागतो, यात आश्चर्य नाही.

पण कॉम्प्युटरसाठी हे छोटं कोडं आहे. यात दोन प्रकारचे नियम द्यावे लागतात. पहिले मोडायचेच नाहीत असे: प्रत्येकाला आठवड्यात एक सुट्टी, रात्री दुकान बंद करणाऱ्याला दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायला बोलवायचं नाही, बिलिंगला कायम दोघे तरी हवेत. दुसरे जमेल तितके पाळायचे: अमक्याला मंगळवारी क्लास आहे, तमकीला शक्यतो सकाळ हवी. गूगलचं ओआर-टूल्स हे मोफत सॉफ्टवेअर अशी कोडी सोडवतं. दवाखान्यातल्या नर्सच्या ड्युट्या लावायचं उदाहरण त्याच्या माहितीपानांवरच दिलंय. १२ जणांचं कोडं साध्या लॅपटॉपवर काही सेकंदांत सुटतं.

मोठ्या साखळी दुकानांची सॉफ्टवेअर यात आणखी एक गोष्ट घालतात: गर्दीचा अंदाज. कोणत्या वारी, कोणत्या तासाला किती बिलं झाली, हे बिलिंग मशीनमध्ये असतंच. मागच्या वर्षीचे आकडे, पगाराचे दिवस, सण हे सगळं धरून पुढच्या आठवड्यांत किती माणसं लागतील ते काढता येतं.

आता कोल्हापूरचा विचार करा. महाद्वार रोडला गर्दी कधी होते? नवरात्रात, दिवाळीआधी, सुट्ट्यांत भाविक आले की, लग्नसराईत. जोतिबाची चैत्र यात्रा पौर्णिमेला असते. दसरा कधी आहे हे पंचांगात वर्षभर आधी छापलेलं असतं. अचानक पाऊस, कुणाचं आजारपण, माल उशिरा येणं या गोष्टी कुणालाच आधी कळत नाहीत, हे मान्य. पण मोठी गर्दी बहुतेक वेळा सांगूनच येते. रोस्टर दोन आठवडे आधी लावायला लागणारी माहिती दुकानाकडे आहे आणि ते लावायचं साधन मोफत आहे. तरी ते रविवारी रात्री येतं, कारण आधी देण्याची सक्ती नाही आणि उशिराची किंमत दुकानाला मोजावी लागत नाही. ती स्टाफ मोजतो.

कायदा तास मोजतो

महाराष्ट्रात दुकानांसाठी २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा आहे. १९ डिसेंबर २०१७ पासून तो लागू झाला. त्यातल्या कामाच्या गोष्टी अशा:

- दिवसाला ९ तास, आठवड्याला ४८ तास. २०२५ च्या बदलांआधी सलग ५ तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती.
- त्याहून जास्त काम केलं तर ओव्हरटाइम, दुप्पट दराने.
- आठवड्यातून एकदा सलग २४ तासांची सुट्टी. ती नाकारली तर दोन महिन्यांच्या आत बदली सुट्टी.
- वर्षाला ८ दिवस पगारी किरकोळ रजा. ती तिमाहीनुसार जमा होते आणि वापरली नाही तर वर्षाअखेर जाते.
- वर्षात २४० दिवस काम केलं असेल तर दर २० दिवसांमागे एक पगारी रजा. ही ४५ दिवसांपर्यंत साठवता येते.
- ८ पगारी सणाच्या सुट्ट्या: २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर आणि मालक-कामगारांनी मिळून ठरवलेल्या चार.
- महिलांना रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत काम द्यायचं तर त्यांची संमती आणि सुरक्षेची व्यवस्था हवी.

पाळीत कामाचे तास काय असतील ते कामगारांना लेखी कळवायचं, हेही कायद्यात आहे. पण या आठवड्याची तुमची पाळी किती दिवस आधी सांगायची, याचा आकडा नाही. त्यामुळे रविवारी रात्री अकराला आलेला फोटोही 'कळवलं' यातच मोडतो. तुमचे तास किती, यावर कायद्याचं लक्ष आहे. ते तास कधी कळणार, हे त्याने मालकावर सोडलंय.

रजेच्या बाबतीत मात्र एक आकडा आहे आणि तो फार कमी जणांना माहीत असतो. देय असलेली रजा तुम्ही १५ दिवस आधी मागितली आणि मालकाने नाकारली, तर ४५ दिवसांच्या वर साठलेल्या रजेचे पैसे मागण्याचा हक्क तुम्हाला मिळतो. आता हे सिद्ध कसं करणार? 'मी सरांना काउंटरवर बोललो होतो' याला तारीख नसते.

२०२५ मध्ये काय बदललं

सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने या कायद्यातल्या बदलांना मान्यता दिली आणि पुढे त्यासाठी अध्यादेश निघाला. दिवसाचे तास ९ वरून १०. तीन महिन्यांतल्या ओव्हरटाइमची मर्यादा १२५ तासांवरून १४४. या दोन आकड्यांवर बरीच चर्चा झाली.

कोल्हापूरसारख्या शहरासाठी मला तिसरा आकडा जास्त महत्त्वाचा वाटतो. आधी हा कायदा १० किंवा जास्त कामगार असलेल्या दुकानांना पूर्ण लागू होता. आता ती रेषा २० वर गेली. लक्ष्मीपुरीतली होलसेल दुकानं, गुजरीतल्या पेढ्या, राजारामपुरीतली शोरूम्स डोळ्यांसमोर आणा. वीसपेक्षा जास्त स्टाफ असलेली किती? मॉल आणि मोठ्या साखळी दुकानांत आकडा सहज ओलांडला जातो. बाजारपेठेतल्या मधल्या दुकानांचं, म्हणजे १० ते १९ जणांच्या दुकानांचं तसं नाही. वर लिहिलेली रजेची यादी या दुकानांतल्या पोरापोरींच्या हातून निसटते. छोट्या दुकानांवरचा कागदपत्रांचा बोजा कमी व्हावा, असं सरकारचं म्हणणं आहे आणि दुकानदारांची ती तक्रार खोटीही नव्हती. पण नोंदणीचा कागद कमी करणं आणि रजेचा हक्क कमी करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इथे दोन्ही एकत्रच गेल्या.

दुसरीकडे काय झालं

अमेरिकेतल्या काही शहरांनी नेमका 'कधी कळणार' हाच प्रश्न कायद्यात आणला. सॅन फ्रान्सिस्कोने २०१४ मध्ये मोठ्या साखळी दुकानांसाठी नियम केले: वेळापत्रक दोन आठवडे आधी, नंतर बदललं तर जादा पैसे. न्यूयॉर्कमध्ये २०१७ पासून रिटेल कामगारांना किमान ७२ तास आधी वेळापत्रक द्यावं लागतं. ओरेगॉन राज्यात मोठ्या कंपन्यांसाठी हा काळ आधी सात दिवसांचा होता, २०२० पासून १४ दिवसांचा झाला.

मग दुकानं तोट्यात गेली का? गॅप या कपड्यांच्या कंपनीच्या सॅन फ्रान्सिस्को आणि शिकागो भागातल्या २८ दुकानांत संशोधकांनी एक प्रयोग केला आणि २०१८ मध्ये त्याचा अहवाल आला. काही दुकानांत शिफ्टच्या वेळा जास्त स्थिर केल्या, ॲपवरून आपापसांत शिफ्ट बदलायची सोय दिली, गर्दीच्या वेळी माणसं वाढवली. त्या दुकानांची विक्री सुमारे ७ टक्क्यांनी वाढली. सरावलेला माणूस ठरलेल्या वेळी काउंटरवर असेल तर गिऱ्हाईक रिकाम्या हाताने जात नाही. आपल्याकडच्या कुठल्याही जुन्या दुकानदाराला हे पटेल.

अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांचे नियम आपल्या बारा जणांच्या दुकानाला जसेच्या तसे बसणार नाहीत. पण 'सात दिवस आधी रोस्टर, नंतर बदल केला तर दोघांच्या संमतीने' एवढं पाळायला कायद्याचीही गरज नाही.

तोवर फोनवर काय कराल

१. रजा लिहूनच मागा, आणि जमेल तेव्हा १५ दिवस आधी. ग्रुपवर नको, मॅनेजरला थेट मेसेज किंवा ईमेल करा. मजकूर साधा ठेवा: 'सर, १८ तारखेला, शनिवारी मला परीक्षेसाठी एक दिवसाची पगारी रजा हवी आहे. होकार किंवा नकार कृपया इथेच कळवा.' मॅनेजरने तोंडी होकार दिला तर घरी जाऊन एक ओळ टाका: 'सर, आज १८ च्या रजेला हो म्हणालात, धन्यवाद.' यात भांडण नाही, पण तारीख पडली.

२. रोस्टर आलं की लगेच स्क्रीनशॉट घ्या. व्हॉट्सॲपवर पाठवलेला मेसेज १५ मिनिटांपर्यंत एडिट करता येतो आणि दोन दिवसांहून थोडा जास्त काळ सगळ्यांसाठी डिलीट करता येतो. ग्रुप ॲडमिन तर इतरांचे मेसेजही काढू शकतो. ग्रुपमध्ये 'डिसअपीअरिंग मेसेजेस' चालू आहे का, तेही बघा. 'एक्सपोर्ट चॅट' वापरून पूर्ण चॅट स्वतःला ईमेल करता येतं. मात्र ग्रुपवर 'ॲडव्हान्स्ड चॅट प्रायव्हसी' लावली असेल तर ते चालत नाही.

३. आपली हजेरी आपणही ठेवा. दुकानात थंब लावता, पण त्याचा रेकॉर्ड मालकाकडे असतो. रोजची येण्याची आणि सुटण्याची वेळ फोनमधल्या कॅलेंडरमध्ये टाका. दहा सेकंदांचं काम आहे. ओव्हरटाइमचा हिशोब करताना हीच नोंद कामाला येते.

४. मॅनेजर समजूतदार असेल तर त्याला गूगल शीट बनवून द्या. एका बाजूला नावं, वर तारखा. स्टाफला फक्त बघायची परवानगी ठेवा. बदल झाला तर 'व्हर्जन हिस्टरी'मध्ये कुणी, कधी केला ते एडिटची परवानगी असलेल्याला दिसतं. रजेसाठी एक गूगल फॉर्म जोडा, त्यात तारीख-वेळ आपोआप नोंदली जाते. वादाच्या वेळी मॅनेजरलाही याचा आधार होतो.

५. तक्रार करायचीच वेळ आली तर कोल्हापुरात सहायक कामगार आयुक्तांचं कार्यालय आहे. जाण्याआधी दुकानात एकूण किती जण काम करतात ते मोजून जा, कारण हल्ली पहिला प्रश्न तोच आहे. सोबत नियुक्तीपत्र असेल तर ते, पगाराच्या नोंदी आणि स्क्रीनशॉट न्या.

यातल्या चौथ्या मुद्द्यावर मामेबहिणीने तिच्या मॅनेजरशी बोलून पाहिलं. 'दिवाळीनंतर बघू,' म्हणाले. शीट मी बनवून ठेवलीय. तुमच्या दुकानासाठी बनवायची असेल तर नावं, शिफ्टच्या वेळा आणि प्रत्येकाचा वीकऑफ एवढीच माहिती लागते. पुढच्या लेखात ओआर-टूल्स वापरून १२ जणांचं रोस्टर लावणारा छोटा प्रोग्राम ओळीओळीने समजावून सांगतो.