घराच्या उबेचा हिशोब

पुण्यातल्या एका मैत्रिणीनं घरी हीट पंप बसवलाय. उन्हाळ्यात गारवा, थंडीत ऊब. साधा हीटर एक युनिट वीज घेऊन एकच युनिट उष्णता देतो. हा पंप बाहेरच्या हवेतली उष्णता आत ओढतो, म्हणून तेवढ्याच विजेत तिप्पट ऊब मिळते. दर महिन्याचं बिल तिनं वहीत टिपून ठेवलंय. ती वही मला आवडली. घर उबदार ठेवायला खर्च येतो, हे तिथं निदान कागदावर तरी दिसतं.

आमच्या नंदुरबार जिल्ह्यात ते दिसत नाही.

जानेवारीत अक्राणी तालुक्यातल्या एका पाड्यावर मुक्कामाला होते. सातपुड्यात कडाक्याच्या थंडीत दव गोठतं. कुडाच्या भिंतीतून वारा येत होता. सगळं घर चुलीभोवती झोपलेलं. रात्री तीनदा उठून लाकूड सारलं ते सुनेनं. सकाळी गटाच्या बैठकीत मी विचारलं, "घर गरम ठेवायला खर्च किती येतो?" बायका हसल्या. "खर्च कसला, ताई? लाकूड तर जंगलातलं."

मग मोजायला बसलो. एरवी आठवड्याला दोन मोळ्या पुरतात, थंडीत चार लागतात. एका मोळीला जाऊन-येऊन चार तास. म्हणजे नुसत्या उबेसाठी आठवड्याला आठ तास, एका दिवसाची पुरी मजुरी. तीन महिन्यांत बारा दिवसांची. धूर आणि मानेचं दुखणं वेगळंच. एक आजी म्हणाल्या, "एवढे दिवस कुणी धरलेच नाहीत."

2016 साली उज्ज्वला योजना आली. गॅसवर भाकरी होते, पण घर तापत नाही. सिलिंडर परवडला तरी थंडीत चूल पेटतेच. योजना आखताना हे बाईला विचारलं होतं का?

उन्हाळ्यात तऱ्हा वेगळी. शहादा-तळोद्याकडे पारा चाळिशी ओलांडतो. कौलं जाऊन पत्रे आलेत. 75 वॉटचा पंखा तेरा-चौदा तास फिरला की एक युनिट होतं. पण तो फिरतो ओट्यावर, पुरुषांच्या डोक्यावर. चुलीपाशी जाळ हलतो म्हणून पंखा नाही. पत्र्यावर पाणी मारायचं तर हंडा तिनंच आणायचा. आणि बिल वाढलं की जाबही तिलाच.

हीट पंपाला माझा विरोध नाही. आश्रमशाळेतल्या मुलींच्या अंघोळीचं पाणी तापवायला तो जरूर आणावा. पण फटींच्या घरात तो बसवणं म्हणजे गळक्या हंड्यात पाणी भरणं. आधी घर नीट हवं. प्रधानमंत्री आवास योजनेतलं घरकुल 25 चौरस मीटरचं असतं, आणि ते बाईच्या किंवा दोघांच्या नावावर करायचा नियम आहे. मग छत कशाचं, खिडकी कुठं, चुलीचा धूर कुठून जाणार, हे ठरवताना तिचा शब्द का नाही? शेजारी अहमदाबादेत महिला हाउसिंग ट्रस्टनं वस्तीतल्या बायकांना बरोबर घेऊन पत्र्यांना पांढरा रंग दिला. त्यानं ऊन परततं, घर कमी तापतं आणि वीज लागत नाही.

मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत आपापल्या गटात हा हिशोब मांडा. मोळ्या, हंडे, जागरणं, सगळं लिहा. मग तो कागद ग्रामसभेत ठेवा. जे मोजलं जात नाही, त्यासाठी निधीही मागता येत नाही.