छाती पुन्हा घडवली, पण पुढची वर्षे?



कॅन्सरमुळे स्तन काढावा लागला की घरची माणसे डॉक्टरांना पुष्कळ विचारतात. खर्च किती, दिवस किती, जिवाला धोका किती. पुढे शस्त्रक्रिया करून स्तन पुन्हा घडवायचे ठरले की हेच प्रश्न परत होतात. परंतु पाच वर्षांनी, दहा वर्षांनी काय होईल हे कोणी विचारीत नाही. टाके निघाले की प्रकरण दप्तरी दाखल! आम्ही कचेरीत कागद सांभाळणारी माणसे, डॉक्टर नव्हे. पण दप्तरी दाखल झालेली प्रकरणेच पुढे त्रास देतात, एवढे नोकरीने आम्हाला शिकवले आहे.

प्रथम एक गोष्ट घरातल्या प्रत्येकाने समजून घ्यावी. नवा स्तन कशाचा केला आहे, यावर पुढचे सारे अवलंबून असते. काहींना सिलिकॉनची पिशवी, म्हणजे इम्प्लांट बसवतात. काहींना स्वतःच्याच पोटाची कातडी व चरबी किंवा पाठीचा स्नायू वळवून लावतात. आमच्या ओळखीच्या एका भगिनीला आपल्याला यातले काय केले हेच सांगता येईना. केसपेपर घर बदलताना गेले होते. तेव्हा ऑपरेशनचा कागद आणि इम्प्लांट असेल तर त्याचे कार्ड रेशनकार्डाइतके जपून ठेवावे. कार्डावर कंपनी, प्रकार व क्रमांक असतो. २०१९ साली खरखरीत पृष्ठभागाची एका प्रकारची इम्प्लांट जगभरातून परत बोलावली गेली. तेव्हा ज्यांच्याजवळ कार्ड होते त्यांना आपले इम्प्लांट त्यातले आहे का, हे लगेच पाहता आले.

इम्प्लांट जन्मभराचे नसते. कोणाचे वीस वर्षे टिकते, कोणाचे दहा वर्षांच्या आतच बदलावे लागते. शरीर त्या पिशवीभोवती स्वतःचे एक आवरण तयार करते. ते कधी आवळत जाते, स्तन कडक होतो, आकार बदलतो, दुखतो. ज्यांना शेक, म्हणजे रेडिएशन दिले आहे त्यांना हा त्रास जास्त होतो. पिशवी फाटली तरी सिलिकॉन घट्ट असल्याने बाहेरून काहीच कळत नाही. म्हणून अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२० पासून असे सुचवले आहे की, त्रास नसला तरी पाच-सहा वर्षांनी सोनोग्राफी किंवा एमआरआय करावा आणि नंतर दर दोन-तीन वर्षांनी. एमआरआयचा खर्च सर्वांना झेपणारा नाही, पण सोनोग्राफी पुष्कळ ठिकाणी होते. आपल्या डॉक्टरांना याबद्दल स्पष्ट विचारावे.

आता एका बाईची हकीकत सांगतो. इम्प्लांटला आठ वर्षे झाली आणि एक बाजू अचानक सुजली. घरात मुलीचे लग्न ठरलेले. "आता पुन्हा दवाखाना काढू नकोस," असे घरच्यांनी बोलून दाखवले नाही, पण तिने ते ओळखले आणि चार महिने पदराखाली झाकून काढले. पुढे तपासणीत नुसते पाणी साचल्याचे निघाले, काळजीचे काही नव्हते. परंतु दरवेळी तसेच असेल असे नाही. खरखरीत इम्प्लांटभोवती, बहुधा सात-दहा वर्षांनी, एका वेगळ्या प्रकारचा कॅन्सर होऊ शकतो. तो फार विरळा. त्याची पहिली खूण म्हणजे अशीच अचानक आलेली सूज. वेळेत कळला तर इम्प्लांट व आवरण काढून बहुतेक बायका बऱ्या होतात. ज्यांना काही त्रास नाही त्यांनी भिऊन इम्प्लांट काढून घेण्याची गरज नाही, हेही डॉक्टर सांगतात. चार महिने मात्र थांबू नये. लग्नाची तारीख पुढेमागे करता येते.

स्वतःच्या पोटाच्या किंवा पाठीच्या मांसाने केलेला स्तन एकदा जगला की बदलावा लागत नाही. वजन वाढले की तोही वाढतो, वयाबरोबर ओघळतो, आपलाच म्हणून वागतो. त्याची किंमत दुसरीकडे द्यावी लागते. पोटाचा स्नायू घेतला असेल तर पोट कमजोर होते, कधी फुगवटा किंवा हर्निया होतो. हंडे उचलणाऱ्या, टोपल्या वाहणाऱ्या बाईने आपले काम काय आहे ते ऑपरेशनपूर्वीच डॉक्टरांना सांगावे. "घरीच असते" असे सांगू नये! आत कधी चरबी घट्ट होऊन गाठ लागते. ती बहुधा साधी असते, पण साधी की दुसरी हे डॉक्टरांनीच ठरवायचे.

सर्वांत कमी बोलले जाते ते बधिरपणाबद्दल. नवा स्तन दिसतो, पण त्याला स्पर्श कळत नाही. एक-दोन वर्षांत थोडी जाणीव परतते, पूर्वीसारखी सहसा नाही. याचा धोका अगदी रोजचा आहे. गरम पाण्याच्या पिशवीने, शेकाने कातडी भाजते आणि बाईला कळतही नाही. तेव्हा त्या जागी शेक घेऊच नये, आणि शेगडीजवळ वाकताना सांभाळावे. नवऱ्यांनीही हे समजून घ्यावे. बायको दूर सरकते ती रागाने, असे समजणारे पुरुष आम्ही पाहिले आहेत. तिला तेथे काही कळत नाही, किंवा आरशात पाहून तिला अजून परकेच वाटते. याविषयी दोघांनी बोलावे. वस्तीत बोलणे अवघड, घरात तरी बोला.

दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या कधीच होत नाहीत. दुसरी बाजू वयाने उतरते, इम्प्लांटची तशीच राहते. बोंडी नव्याने केली तर वर्षभरात बरीच चपटी होते, गोंदलेला रंग फिका पडतो.

बाकी कॅन्सरची तपासणी चालूच ठेवावी. स्तन घडवल्याने रोग परत येण्याची शक्यता वाढत नाही, पण कमीही होत नाही. पूर्ण स्तन काढलेल्या बाजूचा मॅमोग्राम सहसा लागत नाही. तेथे हाताने तपासतात. दुसऱ्या बाजूचा मात्र दरवर्षी करतात. हार्मोनच्या गोळ्या पाच किंवा दहा वर्षे सांगितल्या असतील तर मध्येच बंद करू नयेत. काखेतल्या गाठी काढल्या असतील तर हात वर्षांनंतरही सुजू शकतो. बांगडी घट्ट होऊ लागली तर तीच खूण समजावी आणि लगेच दाखवावे.

पुढच्या ऑपरेशनचा खर्च कोठून येणार, हे आजच विचारून ठेवावे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो. पहिल्या वेळी योजनेत काय बसले, इम्प्लांट बदलायची वेळ आली तर काय बसेल, हे त्याच्याकडून समजून घ्यावे. ज्यांचे ईएसआय कार्ड आहे त्यांनी आपल्या दवाखान्यात तेच विचारावे. कागद न्यायला विसरू नये, आणि झेरॉक्स देऊन मूळ प्रत परत आणावी.