मनोरे कुणाच्या जमिनीवर?

मुंबईतील गगनचुंबी इमारतींचे कौतुक करणारा एक मोठा वर्ग तयार झाला आहे. वरळीची ‘पॅले रोयाल’ ३२० मीटर, महालक्ष्मीची ‘मिनर्व्हा’ सुमारे ३०० मीटर, लोअर परळची ‘वर्ल्ड वन’ २८० मीटर, हे आकडे अभिमानाने सांगितले जातात आणि मुंबई आता जगातील बड्या शहरांच्या पंक्तीला बसली, असा निर्वाळा दिला जातो. कफ परेडचे १५६ मीटरचे वर्ल्ड ट्रेड सेंटर जिथे एकेकाळी उंचीचे माप होते, तिथे एका पिढीत हे माप दुपटीवर गेले. इमारती उभारणाऱ्या अभियंत्यांच्या कौशल्याविषयी आणि मजुरांच्या कष्टांविषयी आदरच बाळगला पाहिजे. आमचा प्रश्न वेगळा आहे : हे मनोरे कुणाच्या जमिनीवर उभे आहेत?

‘पॅले रोयाल’ श्रीराम मिलच्या जागेवर आहे, ‘वर्ल्ड वन’ श्रीनिवास मिलच्या जागेवर, तर दादरचा ‘कोहिनूर स्क्वेअर’ कोहिनूर मिलच्या जागेवर. हा योगायोग नव्हे. मुंबईतील ५८ गिरण्यांकडे मिळून सुमारे ६०० एकर जमीन होती. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या आणि मालकांना कापडापेक्षा जमिनीत अधिक नफा दिसू लागला.

या जमिनीवर समाजाचा हक्क आहे, हे तत्त्व शासनानेच एकदा मान्य केले होते. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमानुसार गिरणीच्या जमिनीचा ढोबळमानाने एक तृतीयांश भाग शहराच्या मोकळ्या जागांसाठी, एक तृतीयांश म्हाडाच्या घरांसाठी आणि उरलेला मालकासाठी, अशी वाटणी ठरली होती. २००१ साली त्यात दुरुस्ती करण्यात आली आणि ही वाटणी गिरणीच्या आवारात आधीपासून मोकळ्या असलेल्या जागेपुरती मर्यादित झाली. ज्या जमिनीवर बांधकाम होते ती वाटणीतून निसटली, आणि गिरणीच्या आवारात बांधकामच अधिक असते, हे सांगायला तज्ज्ञ नको. २००५ साली मुंबई उच्च न्यायालयाने दिलेला निकाल मालकांच्या विरोधात गेला; परंतु मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुरुस्त नियमच कायम केला. परळच्या मनोऱ्यांचा पाया सिमेंटाआधी या कागदावर घातला गेला.

शासनाला बिल्डरांपुढे काही चालत नाही, असे सांगणाऱ्यांनी ‘वर्ल्ड वन’चाच इतिहास पाहावा. ही इमारत मुळात ४४२ मीटर उंच व्हायची होती. विमानतळ प्राधिकरणाने तेवढ्या उंचीला परवानगी नाकारली आणि मनोरा २८० मीटरवर थांबला. म्हणजे ‘नाही’ म्हणण्याची ताकद राज्ययंत्रणेत आहे! विमानाच्या वाटेत इमारत आली की ती ताकद दिसते. कामगाराच्या घराच्या वाटेत आली की मात्र नियमच वाकतो.

त्याच श्रीनिवास मिलच्या जागेत म्हाडाच्या वाट्याला कामगारांसाठी ५४४ घरे आली आणि मार्च २०२० मध्ये त्यांची सोडत निघाली. प्रत्येक घर २२५ चौरस फुटांचे. घरांसाठी अर्ज करणारे कामगार व त्यांचे वारस दीड लाखांवर आहेत. उरलेल्यांना शेलू आणि वांगणीची वाट दाखवली जात आहे. ज्यांच्या घामावर गिरणगाव उभे राहिले, त्यांनी म्हातारपणी कर्जतच्या लोकलमध्ये बसून शहराबाहेर जावे आणि त्यांच्या खात्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या मनोऱ्यांतून इतरांनी समुद्र न्याहाळावा, असा हा न्याय आहे. जुलै २०२५ मध्ये आझाद मैदानावर जमलेल्या गिरणी कामगारांनी तो मानण्यास नकार दिला. त्यांचा नकार योग्यच आहे.

उंच इमारतींना आमचा सरसकट विरोध नाही. दाटीच्या शहरात माणसांना वर राहावे लागेल. परंतु एका जमिनीवर अनेकांना सामावून घेण्यासाठी चढवलेले मजले आणि तीच जमीन मूठभरांच्या चैनीसाठी अडवणारे मजले यांत भेद केला पाहिजे. गोरेगावला मृणालताई गोरे आणि बाबूराव सामंत यांच्या नागरी निवारा परिषदेने सामान्य माणसांसाठी हजारो घरे उभी करून दाखवली. जमीन लोकांच्या हाती आली तर काय होते, याचा तो पुरावा आहे.

म्हणून मागणी स्पष्ट हवी : कोणत्या गिरणीची किती जमीन कुणाला गेली याचा संपूर्ण हिशेब शासनाने जाहीर करावा, अजून शिल्लक असलेली जमीन प्रथम कामगारांच्या घरांसाठी राखावी आणि मुंबईबाहेरचे घर नाकारणाऱ्याचा हक्क बुडवू नये. कार्यकर्त्यांनी हा हिशेब चाळीचाळींत नेला पाहिजे. शहराची उंची त्याच्या सर्वांत उंच इमारतीवरून नव्हे, तर ते शहर उभारणाऱ्याला तिथे राहता येते की नाही, यावरून मोजायची असते.