आमच्या तुकड्यावर मत कोणी दिले?

विधिमंडळाचे अधिवेशन मुंबईस भरो की नागपुरास, त्याची बातमी आमच्या शिवारापर्यंत येते ती गोंधळाची. कोण कोणास काय बोलला, कोण सभात्याग करून बाहेर पडला, पायऱ्यांवर बसून कोणी घोषणा दिल्या, एवढे पारावर कळते आणि त्यावर दोन दिवस गप्पा रंगतात. पण त्या अधिवेशनात कोणते बिल आले, त्यातल्या कोणत्या कलमाने आमच्या वावराचे काय होणार, आणि आम्ही निवडून दिलेल्या गृहस्थाने त्यावर तोंड उघडले की नाही, हे विचारणारा मनुष्य गावात शोधून सापडत नाही. कोरेगावच्या बाजारात मेथीची जुडी दहादा उलटून पाहणारे आम्ही, मत मात्र एकदा देऊन टाकतो आणि पाच वर्षे त्याच्याकडे वळून पाहत नाही.

हा आळस किती महाग पडतो हे एकाच कायद्याच्या हकिकतीवरून दाखविता येते. तो कायदा म्हणजे तुकडेबंदीचा. शंभर वर्षांच्या आत तो निरनिराळ्या रूपांनी सभागृहापुढे आला आणि प्रत्येक वेळी प्रश्न एकच होता : ज्याच्या जमिनीवर मत पडावयाचे, त्यास कोणी विचारले काय?

प्रथम कायद्याच्या हेतूस न्याय दिला पाहिजे. बाप मेला म्हणजे तीन भाऊ तीन वावरे वाटून घेत नाहीत. प्रत्येक वावराचे तीन भाग करतात. काळ्या रानात हिस्सा, माळाला हिस्सा, विहिरीत पाळी. दोन पिढ्या गेल्या की औत वळविण्यापुरतीही जागा राहत नाही आणि बांध कोरण्यावरून कोर्टकचेरी सुरू होते. पुणे शेतकी कॉलेजचे प्रिन्सिपॉल डॉ. हॅरोल्ड मान यांनी पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर गावाची पाहणी करून १९१७ साली ग्रंथ प्रसिद्ध केला. १७७१ साली तेथे खातेदाराची सरासरी जमीन ४० एकर होती, ती १९१४-१५ साली ७ एकरांवर आली, असे त्यांनी दाखविले. तेव्हा रोग खोटा नव्हता. औषध कोणते द्यावयाचे आणि रोग्यास विचारून द्यावयाचे की नाही, एवढाच वाद होता.

१९१९ च्या सुधारणा कायद्याने इलाख्यांच्या कौन्सिलांस थोडा अधिकार मिळाला. शिक्षण, शेतकी, आबकारी, स्थानिक स्वराज्य ही सोपीव खाती मंत्र्यांच्या हाती आली. जमीन महसूल व पोलीस ही राखीव खाती मात्र गव्हर्नराच्या कारभारी मंडळाकडेच राहिली. मुंबई कायदे कौन्सिलात ८६ सभासद निवडून येत. बाकीचे सरकारी अधिकारी व सरकारने नेमलेले. मराठा व तत्सम जातींसाठी ७ जागा राखून ठेवल्या होत्या, आणि त्या मिळविण्यासाठी ब्राह्मणेतर चळवळीस बरीच खटपट करावी लागली होती. परंतु मत कोणास होते? इलाख्याच्या बहुतेक जिल्ह्यांत, खेड्यात ज्याच्या जमिनीचा सरकारी आकार ३२ रुपये असेल त्यास. दोन-चार एकर जिरायत कसणाऱ्याचा आकार ३२ रुपयांच्या जवळपासही जात नसे. भूमिहीन सुतार, लोहार, कुंभार, महार, मांग यांची तर गोष्टच नको. कौन्सिलचे कामकाज इंग्रजीत चाले. इंग्रजी न येणाऱ्या सभासदासच देशी भाषेत बोलण्याची मुभा असे.

अशा या कौन्सिलापुढे १९२७ साली सरकारने लहान खातेदारांचे बिल आणले. जमिनीचे आणखी तुकडे पडू द्यावयाचे नाहीत, पडलेले एकत्र करावयाचे, आणि एकदा फायदेशीर ठरविलेले क्षेत्र पुन्हा वाटू द्यावयाचे नाही, अशी त्यातील योजना होती. ज्याचा तुकडा जावयाचा त्यास मत नाही, आणि ज्यास मत आहे त्याचा तुकडा जावयाचा नाही, असा हा न्याय! १० ऑक्टोबर १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर या बिलाविरुद्ध बोलले. ते त्या वेळी सरकारने नेमलेले सभासद होते, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे. ज्याने नेमले त्याचीच री ओढली पाहिजे, असे त्यांनी मानले नाही. जमीन लहान की मोठी हे नुसत्या एकरांवरून ठरत नाही, ती कसण्यास भांडवल, बैल, अवजारे व माणसे किती आहेत यावरून ठरते, हा विचार त्यांनी १९१८ सालच्या आपल्या निबंधातच मांडला होता. कौन्सिलातही त्यांचे म्हणणे असे पडले की, वारसांना भूमिहीन करून जमीन मोठी करण्यापेक्षा ज्याची त्याची मालकी राखून सहकाराने शेती करण्याची वाट धरावी.

बाहेरही गप्प बसणे झाले नाही. ब्राह्मणेतर पक्षातून विरोध झाला, तसा काँग्रेसच्या पुढाऱ्यांकडूनही झाला. शेतकऱ्यांच्या सभा झाल्या. त्या बिलाचा कायदा झाला नाही. मत नसलेल्या रयतेने नुसत्या आवाजाच्या बळावर सरकारी बिल अडविले, ही गोष्ट आज मत असलेल्या रयतेने आठवावी.

पुढे १९४७ साली मुंबई इलाख्यात तुकडेबंदी व तुकडेजोडीचा कायदा झाला. तो करणारे मंडळ आपल्या लोकांचे होते, यात शंका नाही. परंतु ते १९४६ साली निवडले गेले होते आणि त्या वेळीही मताचा हक्क मर्यादितच होता. सर्व प्रौढ स्त्री-पुरुषांनी मते टाकली ती १९५१-५२ च्या निवडणुकीत. म्हणजे लहान खातेदाराच्या हाती मतपत्रिका पडली तेव्हा त्याच्या जमिनीचा कायदा होऊन चार-पाच वर्षे झाली होती.

त्या कायद्याचे सार सोपे आहे. प्रत्येक भागात जमिनीचे प्रमाणभूत क्षेत्र ठरवावयाचे. त्याहून लहान तो तुकडा. तुकडा विकावयाचा तर लगतच्या खातेदारासच विकता येतो. वाटपाने नवा तुकडा पाडता येत नाही. पाडल्यास तो व्यवहार कायद्यापुढे रद्दबातल. ८ ऑगस्ट २०२३ च्या अधिसूचनेने राज्याच्या ३२ जिल्ह्यांत हे क्षेत्र जिरायतीस २० गुंठे व बागायतीस १० गुंठे असे ठरले, आणि सातारा जिल्हा त्यातच येतो.

आता हे कलम गावात उतरल्यावर काय होते ते पाहा. लगतच्या खातेदारासच विकावयाचे म्हटले की भाव तोच ठरवितो. नडलेला मनुष्य त्याच्या दारात उभा राहतो, आणि तो म्हणतो, “घाई कुणाला आहे?” बापाच्या पश्चात पाच मुलांची नावे एका उताऱ्यावर सामाईक चढतात, कसतो एक, भांडतात पाच. कर्जास सर्वांच्या सह्या लागतात आणि त्यांतला एक मुंबईत, एक पुण्यात असतो. खरेदीखत होत नाही म्हणून लोक साध्या स्टँपावर व्यवहार करतात. पैसे जातात, जमीन ताब्यात येते, पण सातबारावर नाव येत नाही. गावालगत दोन गुंठे घेऊन घर बांधणाऱ्या सुताराची, गवंड्याची, शिंप्याची तीच अवस्था. आणि बहिणींचे काय? १९९४ साली या राज्याने मुलीस वडिलोपार्जित मिळकतीत मुलाबरोबरीचा हक्क दिला, २००५ साली तो साऱ्या देशात झाला. परंतु “तुकडा पडतो, कायदा आडवा येतो” असे सांगून बहिणीकडून हक्कसोडपत्र करून घेणारे भाऊ आमच्याच आळीत राहतात. सरकारास नावे ठेवताना आपल्या घरातील हा अन्याय झाकून ठेवणे आम्हास मंजूर नाही.

ही अडचण सरकारास कळली नाही असे नाही. २०१७ साली कायद्यात दुरुस्ती होऊन, अकृषिक वापराच्या पट्ट्यातील असे जुने व्यवहार बाजारमूल्याच्या २५ टक्के रक्कम भरून नियमित करण्याची सोय झाली. ज्याने पोटास चिमटा घेऊन दोन गुंठे घेतले त्याने पुन्हा चौथाई किंमत कोठून आणावी? २०२४ साली ती ५ टक्क्यांवर आली. ९ जुलै २०२५ रोजी महसूलमंत्री चंद्रशेखर बावनकुळे यांनी विधानसभेत गुंठेवारीचे व्यवहार मोकळे करण्याची घोषणा केली, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात अध्यादेश निघून १५ नोव्हेंबर १९६५ ते १५ ऑक्टोबर २०२४ या काळातील व्यवहार विनामूल्य नियमित करण्याचे ठरले. घर बांधून बसलेल्या कारागिराच्या दृष्टीने ही गोष्ट चांगली झाली आणि आम्ही ती चांगली म्हणतो. पण नीट पाहा : ही सूट निवासी, व्यापारी, औद्योगिक वापराच्या जमिनीस आहे. वासनेच्या काठी पंधरा गुंठे जिरायत कसून घेवडा करणाऱ्यास २० गुंठ्यांची अट होती तेथेच राहिली. शहराच्या कडेचा प्लॉट सुटला, शिवारातला तुकडा अडकला. हा भेद सभागृहात कोणी बोलून दाखविला आणि कोण गप्प राहिला, हे तुम्हाआम्हास ठाऊक असावयास नको काय?

आणि ते ठाऊक का होत नाही, तेही समजून घ्यावे. बहुतेक बिले आवाजी मताने संमत होतात. अध्यक्ष विचारतात, अनुकूल असतील त्यांनी ‘होय’ म्हणावे, प्रतिकूल असतील त्यांनी ‘नाही’ म्हणावे. मोठा आवाज कोणता ते ऐकून निकाल देतात. त्या आवाजास नाव नसते. एखाद्या सभासदाने मतविभागणी मागितली, तरच कोण कोणत्या बाजूस उभा राहिला याची नोंद होते. घटनेप्रमाणे सभागृहाची गणसंख्या एकदशांश आहे. आमच्या विधानसभेत २८८ सभासद. म्हणजे २९ हजर असले की काम कायदेशीर, आणि त्यांतल्या १५ जणांनी होय म्हटले की बिल संमत. बारा कोटींच्या राज्याचा कायदा पंधरा आवाजांनी होऊ शकतो!

याहून जवळची वाट अध्यादेशाची. अधिवेशन चालू नसताना तो निघतो आणि सभागृह भरल्यावर सहा आठवडे टिकतो. तोपर्यंत लोकांची खरेदी-विक्री त्याप्रमाणे होऊन गेलेली असते, मग चर्चा व्हावयाची ती झाल्या गोष्टीवर. त्याहूनही जवळची वाट परिपत्रकाची. १२ जुलै २०२१ रोजी नोंदणी खात्याच्या एका परिपत्रकाने एक-दोन गुंठ्यांच्या दस्तांची नोंदणी थांबली. त्यावर सभागृहात एकही मत पडले नव्हते. ५ मे २०२२ रोजी उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने ते परिपत्रक रद्द केले. दहा महिने लोक दस्त काखेत मारून हिंडत होते, त्यांचा खर्च कोणी भरला?

कोणी म्हणेल, मास्तर, आता पक्षाचा आदेश असतो. १९८५ च्या पक्षांतरबंदीनंतर आदेश मोडून मत दिले तर आमदारकी जाते, मग त्यास विचारून उपयोग काय? उपयोग आहे. आदेश मतावर चालतो, जिभेवर चालत नाही. बिलास दुरुस्ती सुचविणे, प्रश्न टाकणे, लक्षवेधी मांडणे, मतविभागणी मागणे, पक्षाच्या बैठकीत शेतकऱ्याची बाजू लावून धरणे, यांतले काय केले ते विचारता येते. सरकारने नेमलेला एक सभासद १९२७ साली सरकारच्या बिलाविरुद्ध उभा राहून बोलला. लोकांनी निवडलेल्या सभासदास आज बोलण्याचे भय वाटावे, तर ते लोकांनी त्यास विचारणे सोडले म्हणूनच.

तेव्हा शेतकरी व कारागीर बंधुभगिनींनो, करावयाचे काम मोठे नाही. अधिवेशन संपले की आपल्या गावच्या ग्रामसभेने आमदारास पत्र लिहावे आणि चार गोष्टी विचाराव्यात. किती दिवस हजर होता? शेती-जमिनीची कोणती बिले आली? त्यांवर काय बोलला? मतविभागणी मागितली काय? उत्तर आले तर ते चावडीवर लावावे; न आले तर ‘उत्तर आले नाही’ असे लिहून तो कागद लावावा. ग्रामसभेत बायकांनी यावे, कारण हक्कसोडपत्रावर अंगठा त्यांचा उठतो. शाळेत शिकणाऱ्या मुलांकडून सातबारा व बिलाचा मसुदा वाचवून घ्यावा. आपली मुले शिकली ती पोटापुरतीच शिकली काय? आणि तुकडेबंदीपुरती मागणी एकच असावी : कसणाऱ्याच्या तुकड्याविषयी पुढचे बिल येईल त्यावर मतविभागणी झालीच पाहिजे, आणि नावे छापून आलीच पाहिजेत.

आमच्या आज्यापणज्यांना मत नव्हते, पण आवाज होता. आम्हास मत मिळाले आणि आवाज बसला. बांध कोणी हातभर कोरला तर कोयता घेऊन धावणारे आम्ही, सभागृहात कायद्याने बांध हलतो तेव्हा कोठे असतो? पुढचे अधिवेशन भरेल तेव्हा या प्रश्नाचे उत्तर आमदाराने द्यावयाचे आहे, तसेच आपणही द्यावयाचे आहे.